एक पुडी, एक पेला

आमची नात यंदा अकरावीच्या विज्ञान शाखेत आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी रसायनशास्त्राचे पुस्तक घेऊन ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आजोबा, हा मोल लागतो तरी कशाला? ग्रॅम असताना हे दुसरे माप कोणाला हवे आहे?" प्रश्न रास्त होता. तिच्या वयात मीही मोलची व्याख्या घोकली, परीक्षेत लिहिली आणि विसरून गेलो. तिचा अर्थ मला कळला तो पुढे डॉक्टर झाल्यावर, १९८६ साली, आणि तोही फार चांगल्या प्रसंगाने नव्हे. विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहा, असा आपल्या स्मरणिकेच्या संपादकांचा आग्रह असल्यामुळे नातीला जे सांगितले तेच येथे मांडतो. डॉक्टर वाचकांना यातील बराचसा भाग ठाऊक आहे; त्यांनी क्षमा करावी.

बँकेत एकाच प्रकारची खूप नाणी आली की ती एकेक करून मोजत बसत नाहीत, वजन करतात. एका नाण्याचे वजन ठाऊक असले की थैलीच्या वजनावरून संख्या निघते. रसायनशास्त्रज्ञ तेच करतो. अणू-रेणू मोजायला डोळा आणि बोट दोन्ही असमर्थ. म्हणून तो तराजूने मोजतो. ठरलेल्या एका प्रचंड संख्येला त्याने मोल हे नाव दिले. ही संख्या म्हणजे ६०२२ वर वीस शून्ये, अर्थात स्थूलमानाने. एवढे कण मिठाचे घेतले तर त्यांचे वजन ५८.५ ग्रॅम भरते, ग्लुकोजचे घेतले तर १८० ग्रॅम. संख्या तीच, वजन निराळे. डझनभर लिंबे आणि डझनभर नारळ यांत जो फरक, तोच हा.

आता नातीच्या "कशाला?" या प्रश्नाकडे वळू. मी औषधांच्या कपाटातून जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, एक लिटरची पुडी काढून तिच्यापुढे ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार तीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. नात म्हणाली, "म्हणजे हे साखरेचेच पाणी झाले. मिठाच्या पाचपट साखर!" वजनाने पाहिले तर तसेच दिसते. मी म्हटले, "आता मोज."

तिने भागाकार केले. १३.५ भागिले १८०, म्हणजे ०.०७५ मोल किंवा ७५ मिलिमोल ग्लुकोज. मीठ २.६ भागिले ५८.५, म्हणजे ४४ मिलिमोल सोडियम आणि तितकेच क्लोराइड. सायट्रेटचे सुमारे १० मिलिमोल. पण त्याच्या प्रत्येक घटकासोबत सोडियमचे तीन आयन येतात, म्हणून आणखी ३० मिलिमोल सोडियम. बेरीज ७४, पुडीवर ७५ छापलेले असते, फरक केवळ दशांशांचा. ग्लुकोज ७५, सोडियम ७५. वजनात इतके विषम असलेले पदार्थ संख्येत बरोबरीचे निघाले, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

ही बरोबरी योगायोगाने आलेली नाही. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन आयन सोबत घेते, आणि त्यांच्यामागून पाणी आत येते. पटकीच्या जुलाबातही हे दार उघडे राहते, यावरच ही सारी चिकित्सा उभी आहे. आतड्याला ग्रॅम कळत नाहीत. ते कण मोजते.

दुसरी संकल्पना संहतीची. कण किती, याइतकेच ते किती पाण्यात आहेत हे महत्त्वाचे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातले की थोड्या वेळाने ताटलीत पाणी सुटते. कण विरळ असतील तिकडून कण दाट असतील तिकडे पाणी पडदा ओलांडून जाते; यालाच परासरण म्हणतात. आपल्या रक्तात असे कण लिटरमागे सुमारे २९० मिलिमोल असतात. ओआरएसच्या लिटरभर द्रावणात सर्व मिळून २४५. रक्तापेक्षा विरळ, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे जाते. जुन्या सूत्रात हा आकडा ३११ होता. तो कमी केल्यावर जुलाब, उलट्या आणि सलाईन लावण्याची गरज कमी झाली, असे आढळले.

आता तो प्रसंग. १९८६ चा पावसाळा. बेळगावातल्या एका रुग्णालयात मी नवखा डॉक्टर होतो. वडगावच्या एका विणकर घरातील दीड वर्षाच्या मुलाला जुलाब होत होते. बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत गेलेली. मी पुडी दिली आणि म्हणालो, "पाण्यात कालवून थोडे थोडे पाजा." दुसऱ्या दिवशी दुपारी आई मुलाला पदराखाली घेऊन धावत आली. मूल तहानेने कासावीस, चिडचिडे. आणि तपासताना माझ्या हातातच त्याला झटका आला. रक्तातले सोडियम त्या काळी ज्वालेच्या रंगावरून मोजत. शेगडीवर मिठाचे पाणी सांडले की जी पिवळी ज्योत दिसते, तिच्याच तीव्रतेवरून. आकडा आला १७२. असायला हवा १३५ ते १४५.

मी आईवर ओरडलो. "किती पाण्यात घातली होती पुडी?" ती म्हणाली, "पेल्यात. एक पुडी, एक पेला. तुमी कुठं सांगिटलासा डाक्टर, किती पाणी म्हणून?"

ते खरे होते. मी सांगितले नव्हते.

त्या वेळच्या पुडीत लिटरमागे ९० मिलिमोल सोडियम असे. तीच पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात घातली की संहती पाचपट, म्हणजे ४५०. समुद्राच्या पाण्यात ती सुमारे ४७० असते. त्या माउलीने माझ्याच पुडीने रात्रभर मुलाला जवळजवळ समुद्र पाजला होता. रक्तातले पाणी आतड्यात ओढले गेले, सोडियम मात्र रक्तात चढत राहिले, आणि मेंदूच्या पेशी कोशिंबिरीतल्या काकडीसारख्या आकसल्या. उपचारातही घाई चालत नाही. सोडियम झपाट्याने उतरवले तर मेंदूला सूज येते. तीन दिवस थेंब मोजत आम्ही ते खाली आणले. मूल वाचले. आईची क्षमा मात्र मी तेव्हा मागितली नाही. तेवढे वय नव्हते, की तेवढी अक्कल नव्हती, कोण जाणे.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी वापरून पटकीचा मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. तेथे मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा कोलकात्यात तोलून पिशव्यांत भरला जाई आणि छावणीत मोठ्या पिंपांत विरघळवला जाई. पाणीही जाणत्या माणसांनी मोजलेले. आपण पुडी घरोघर पोहोचवली आणि पाण्याचे माप आईवर सोडून दिले.

याच हिशेबाने गोड पेयांकडेही पाहावे. लिटरमागे १०० ग्रॅम साखर असलेले पेय घेतले, तर साखरेचा रेणू ३४२ चा, म्हणून सुमारे २९२ मिलिमोल. आतड्यात प्रत्येकाचे दोन तुकडे झाले की ५८५. रक्ताच्या दुप्पट. जुलाब झालेल्या मुलाला ते पाजणे म्हणजे जुलाब वाढवणे. ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरू नये, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला; तो फार आधी यायला हवा होता, असे माझे मत आहे. उलट आपली मीठ घातलेली पातळ पेज पाहा. पिष्टाच्या एका रेणूत शेकडो-हजारो ग्लुकोज साखळीने बांधलेले असतात. म्हणून कणांची संख्या थोडी राहते आणि ग्लुकोज सावकाश सुटत जाते. आजीला मोल ठाऊक नव्हता, पण हिशेब चुकत नव्हता.

हल्ली २०० मिलिलिटरसाठीच्या लहान पुड्याही मिळतात, त्यामुळे 'एक पुडी, एक पेला' हे कधी बरोबर असते आणि कधी घातक. मी पुडीवर पेनाने पाण्याचे माप लिहितो आणि आईला म्हणतो, "घरचा पेला आणून दाखवा." नातीने हे ऐकून आमच्या स्वयंपाकघरातला रोजचा स्टीलचा पेला आणला आणि शाळेच्या मोजपात्राने भरून पाहिला. तो २८० मिलिलिटरचा निघाला. मग वहीत भागाकार करून तिने लिहिले : लहान पुडी, आमचा पेला, सोडियम ५४.