लोखंडी वाट फुकट, बाकी सगळं विकत

इटलीच्या साउथ टिरोल प्रांतात, डोलोमाइट्स डोंगररांगेतल्या गार्देना खिंडीजवळ त्रिदेंतिना नावाची 'व्हिया फेराटा' आहे. कड्यावर पोलादी तार आणि लोखंडी पायऱ्या ठोकून केलेली ही उभी वाट. चढायला तिकीट नाही, परवाना नाही. खर्च होतो तो बाकीच्या गोष्टींवर. एक युरो साधारण 100 रुपये धरा.

शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. एसएमएस, कुरिअर, खास लाउंज हे सगळं ऐच्छिक आहे, नको असेल तर स्पष्ट सांगा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला एरवी 15 दिवस लागतात, पण 45 धरून चाला.

खरी फसगत विम्यात होते. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचं संरक्षण लागतं म्हणून तुम्ही स्वस्तातली पॉलिसी घेता, आणि तिच्यात गिर्यारोहण वगळलेलं असतं. 'व्हिया फेराटा आणि हेलिकॉप्टर बचाव' यात धरलंय का, हे कंपनीकडून लेखी घ्या. शेजारच्या व्हेनेतो प्रांतात इजा नसताना हेलिकॉप्टर बोलावलं तर मिनिटाला 90 युरो लागतात. 2025 च्या उन्हाळ्यात दरडींच्या धोक्याचे फलक ओलांडून गेलेल्या एका परदेशी पर्यटकाला तिथे 14,225 युरोंचं बिल आलं.

हेल्मेट आणि हार्नेस सह्याद्रीत वापरता तेच, चांगल्या स्थितीत असतील तर, घरून न्या. दोन कॅराबिनर आणि एनर्जी अब्सॉर्बर असलेला फेराटा सेट मात्र तिथे भाड्याने घ्या. सगळं साहित्य मिळून दिवसाला साधारण 20 ते 25 युरो. साध्या स्लिंगवर भागवू नका. इथे पडलात तर खालच्या खिळ्यापर्यंत काही मीटर जाता, आणि स्लिंग ताणली जात नसल्याने सगळा हिसका शरीराला बसतो. सेटवर 'ईएन 958' हे मानक पाहा. तो 40 ते 120 किलो वजनासाठी असतो. त्याहून हलक्या मुलांना दोरानेच सांभाळावं लागतं. जुना, वापरलेला सेट विकत घेऊ नका.

राहण्याच्या भाड्यावर पर्यटन कर वेगळा, माणशी, रात्रीला. उलट अनेक हॉटेलं साउथ टिरोलचा गेस्ट पास देतात, त्यावर बस आणि स्थानिक रेल्वे फुकट. बुकिंगपूर्वी विचारा, भाड्याच्या गाडीचे पैसे वाचतील.

वरचं पिश्चादू विश्रामगृह साधारण जूनअखेर ते सप्टेंबरअखेर उघडं असतं. तेच दिवस निवडा. सकाळी सातपर्यंत सुरुवात करा. उन्हाळ्यात दुपारी गडगडाट होतो आणि वीज चमकत असताना त्या तारेला धरून राहणं जिवावर बेतू शकतं. शेवटचा सुळका सर्वांत उभा आहे. दमलात तर त्याआधी विश्रामगृहाकडे जाणारी पायवाट धरा. उतरण सेतुस दरीतून आहे, तिथेही तार आहे, म्हणून वर पोचल्यावर हार्नेस काढू नका. हंगामाच्या सुरुवातीला घळीत बर्फ असू शकतो. मदतीसाठी 112.

पहिलीच वेळ असेल तर प्रमाणित गाइड घ्या. दिवसाला साधारण 400 युरो, बहुतेकदा माणशी नव्हे, गटामागे. तेव्हा सोबती शोधा. गाइडचं जेवण आणि प्रवास कोणाकडे, आणि हवामान बिघडलं तर पैसे परत मिळतात का, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी विचारा.