भिसे खिंडीत बसलेली गाडी

बारा वर्षांची जर्मन गाडी स्वस्तात मिळते म्हणून मी हुरळलो. बटण दाबलं की ती अंग उचलायची. वडखळच्या खड्ड्यांतही पोटातलं पाणी हलायचं नाही.

जुलैमध्ये पेणहून रोह्याला बारशाला निघालो. नागोठणं सोडलं आणि भिसे खिंडीत पाण्याखालचा खड्डा लागला. मागचा डावा कोपरा हळूहळू बसला, समोर लाल अक्षरांत थांबायची सूचना आली. ‘रोहा आलंच की’ म्हणत मी गाडी रेटली. त्या वीसेक मिनिटांनीच घात केला. फुटलेल्या नळीतून सस्पेन्शनचं तेल गेलं, पंप कोरडा फिरला आणि त्याचा कीस वाल्व्हमध्ये जाऊन बसला. नळी बदलून भागलं असतं, तिथे अर्धी यंत्रणा बदलावी लागली.

रोह्यात गळती चाचपायला मी चाकावर हात घातला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका खेकसले, “हात काढ आधी!” काढला, तेवढ्यात बॉडी आणखी चार बोटं खाली आली.

साध्या गाडीत वजन स्प्रिंग पेलते. या गाडीत स्प्रिंगला तेलाच्या दाबाची जोड असते. सेन्सर उंची मोजतात, कॉम्प्युटर वाल्व्ह उघडतो. टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार हवा. इथे तेल 200 बारच्या आसपास. बारीक छिद्रातून उडालेली धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा. गाडीखाली जायचं तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर नाही. आणि टाकीत कंपनीने सांगितलेलंच तेल; नाक्यावर मिळेल ते ओतलं की सील गेलेच.

तंत्र वाईट नाही हो. 1955च्या सित्रोएन डीएसमध्ये तेल आणि नायट्रोजनवरची अशीच गादी होती, कॉम्प्युटरशिवाय. 1962मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी ती गाडी निसटली. पण तिला आपल्या खारेपाटाची हवा लागली नव्हती. इथे लोखंडी नळ्या आतून नाही, बाहेरून मरतात. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर गाडी वर घेऊन नळ्या बघा.

जुनी घेत असाल तर रात्री चारही चाकांवरची उंची टेपने मोजा, सकाळी इंजिन लावण्याआधी पुन्हा मोजा. एकच कोपरा बसला असेल तर सौदा सोडा. मी बघायला गेलो तेव्हा गाडी आधीच सुरू करून ठेवलेली होती. मला वाटलं, माझ्यासाठी एसी लावून ठेवलाय.