दात नसलेलं मशीन

नाशिक

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पट्टा आणि चकती असलेला सँडर घेतलास हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. ताहाराबाद रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी हयात सागाच्या चौकटी हाताने घासल्या. ते काम आता घटकाभरात होईल. तरी रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

करवतीला आपण भितो, कारण तिचे दात दिसतात. सँडरला दात नाहीत, म्हणून त्याच्याजवळ माणूस सैलावतो. माझं उजव्या हाताचं मधलं बोट तू लहानपणापासून बघतोस. पटाशी लागली, असं तुम्हा मुलांना सांगत आलो. ते खरं नव्हतं. देव्हाऱ्याच्या कळसाचा सुपारीएवढा तुकडा मी चिमटीत धरून चकतीला लावला होता. टेबल आणि चकती यांच्यामधली फट मोठी राहिली होती. तुकडा फटीत ओढला गेला, मागोमाग बोट. कापलं असतं तर टाके पडले असते. इथे नखासकट मांस घासून गेलं, टाका घालायला काही उरलं नाही. जखमेत भुसा भरला तो वेगळाच.

तेव्हा आधी ती फट बघ. प्लग काढून टेबल चकतीच्या इतकं जवळ आण, की मध्ये दीड मिलिमीटरच्या वर जागा राहू नये. लहान तुकडा बोटांनी धरायचाच नाही, लांब पट्टीच्या टोकाला पक्का करून लावायचा. ९ इंची चकती मिनिटाला १,४४० फेरे घेत असेल, तर तिची कड सेकंदाला सतरा मीटर पळते, म्हणजे मालेगावच्या रस्त्याला लागलेल्या एसटीएवढी. शिवाय चकतीची एक बाजू खाली उतरते आणि दुसरी वर चढते. उतरत्या बाजूला लाकूड टेबलावर दाबलं जातं. चढत्या बाजूला ते उचलून तुझ्या तोंडावर येईल. पट्ट्यावर काम करताना लाकूड टेकणीला टेकलेलं हवं.

हातमोजे घालू नकोस. हात वाचेल असं वाटतं, पण मोज्याचा धागा अडकला की अख्खा पंजा आत जातो. बाह्या कोपराच्या वर, अंगठी खिशात, उपरणं खुंटीला. सप्तशृंगीगडावरून आणलेला मनगटातला दोराही कामापुरता काढून ठेव. देवीला त्याचं वाईट वाटणार नाही.

आपल्याकडे वीज जाते तेव्हा माणूस बटण तसंच ठेवून चहाला जातो. ती परत येते तेव्हा पोरगा पट्टा पुसत असतो. वीज गेली की आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. वीज परत आल्यावर आपोआप सुरू न होणारं बटण मिळतं, ते इलेक्ट्रिशियनकडून बसवून घे.

डाळिंबाच्या छाटणीच्या दिवसांत ओळखीचे शेतकरी कोयता, कुऱ्हाड घेऊन येतील, ‘जरा धार लावून दे’ म्हणतील. सँडरवर लावू नकोस. लोखंडाची ठिणगी भुशाच्या पिशवीत पडते, तासन्‌तास धुमसत राहते आणि दुकान बंद केल्यावर पेटते. धारेसाठी वेगळं चाक ठेव, भुशापासून लांब. पिशवी रोज संध्याकाळी रिकामी कर.

आणि भुसा. आम्ही तोंडाला गमछा बांधायचो. त्यातून बारीक धूळ सरळ आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणारी म्हणून १९९५ साली नोंदवली, विशेषतः नाकाच्या पोकळीचा. हे मला साठी उलटल्यावर कळलं. माझ्याबरोबर काम केलेली माणसं डोळ्यांपुढे आली. तू एन-९५ मास्क घाल, चष्मा घाल, भुसा ओढणारा पंखा जोड. पावसाळ्यात शेडची दारं लावून शिसव घासायला बसू नकोस. हाताखालच्या पोरालाही मास्क दे, तो मागणार नाही. मोठ्या कारखान्यात तपासनीस येतो. आपल्या दोन माणसांच्या दुकानात बघणारा तूच.

पट्टा चढवताना आतल्या बाजूचा बाण बघ, आणि वीज देण्याआधी हाताने दोन फेरे फिरवून तो सरकतो का ते तपास.

देवमामलेदारांच्या यात्रेला येईन तेव्हा फट मोजायची पट्टी घेऊन येतो. तोपर्यंत चकतीवर लहान काम घेऊ नकोस, पट्ट्यावर मोठ्या फळ्या घास. ताईला नमस्कार.

तुझा मामा