बोन्साय वृक्ष : ओळख, कुंडी आणि मांडणी

'बोन्साय' हा शब्द मराठीत आता रुळला आहे. परंतु तो बहुधा दूषण म्हणूनच वापरला जातो. एखाद्याची वाढ कोणी जाणूनबुजून रोखली, की 'त्याचा बोन्साय केला' असे आपण म्हणतो. ज्या समाजाच्या अनेक पिढ्यांची वाढ अशीच रोखली गेली, त्या समाजातील वाचकाला हा शब्द बोचावा, हे स्वाभाविक आहे. म्हणून या कलेची ओळख करून घेताना झाडाच्या बाबतीत हा आरोप कितपत खरा आहे, हेही तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

अर्थ आणि उगम

जपानी भाषेत 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लागवड. तबकात लावलेले झाड, एवढाच या शब्दाचा अर्थ आहे. कलेचा उगम चीनमधला. तांग घराण्यातील राजपुत्र ली श्यान याच्या इ.स. ७०६ च्या सुमाराच्या थडग्यातील भित्तिचित्रांत, लहान रोपे व दगड मांडलेली तबके घेऊन चाललेले सेवक दिसतात. जपानमध्ये १३०९ सालच्या 'कासुगा गोंगेन' या चित्रपटात कुंडीतील झाडे रंगवलेली आहेत.

जपानच्या 'नो' रंगभूमीवर 'हाचि नो कि', म्हणजे 'कुंडीतील झाडे', नावाचे एक जुने नाटक आहे. हिमवर्षावाच्या रात्री एक प्रवासी भिक्षू एका दरिद्री सामुराईच्या झोपडीत आश्रयाला येतो. घरात सरपण नसते. तेव्हा तो सामुराई आपली उरलेली तीन लाडकी झाडे, म्हणजे आलुबुखार, चेरी आणि पाइन, तोडून अतिथीसाठी शेकोटी पेटवतो. झाडावर जीव लावावा, परंतु माणूस त्याहून मोठा, ही शिकवण या कलेच्या परंपरेतच आहे.

झाड लहान कसे राहते?

बोन्सायचे बी निराळे नसते. तेच बी मोकळ्या जमिनीत पडले तर त्याचा मोठा वृक्ष होतो. झाड लहान राहते ते मुळे आणि फांद्या यांचा समतोल राखल्यामुळे. ठरावीक काळाने झाड कुंडीतून काढून सुमारे एक तृतीयांश मुळे छाटतात. त्यामुळे नवी बारीक तंतुमुळे फुटतात आणि झाड ताजेतवाने राहते. वरच्या बाजूस शेंडे खुडल्याने फांद्यांना फाटे फुटतात व पाने लहान होत जातात. फुले व फळे मात्र मूळ आकाराचीच राहतात. म्हणून लहान फळांच्या जाती निवडतात.

झाडाला उपाशी ठेवून खुजे करतात, ही समजूत चुकीची आहे. थोड्या मातीत जगायचे असल्याने त्याला खतपाणी अधिक नेमाने द्यावे लागते. असे झाड पुन्हा जमिनीत लावले, तर ते आपल्या नैसर्गिक उंचीकडे वाढू लागते.

झाडाची ओळख

बोन्साय पाहताना नजर खालून वर न्यावी. प्रथम बुंध्याशी चहूबाजूंनी पसरलेली मुळे पाहावीत. जपानीत त्यांना 'नेबारी' म्हणतात. मग खोड वर जाताना क्रमाने निमुळते होते का, हे पाहावे. त्यानंतर फांद्या आणि शेवटी पाने.

जात ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. जपानी काळ्या पाइनच्या सुया राठ असतात व दोन-दोनच्या जोडीने येतात. पांढऱ्या पाइनच्या सुया पाच-पाचच्या झुबक्यात असतात. आपल्याकडील वडाला पारंब्या फुटतात. पिंपळाच्या पानाला लांब निमुळते टोक असते. वड, पिंपळ, उंबर या तिघांचेही पान तोडले की पांढरा चीक येतो.

शैली खोडावरून ठरते. सरळसोट खोड ती 'चोक्कान', वळणे घेत वर जाणारे 'मोयोगी', एका बाजूस कललेले 'शाकान'. कड्यावरून लोंबणाऱ्या झाडासारखे कुंडीच्या तळाखाली उतरते, ते 'केंगाय'. एकाच दिशेला वाऱ्याने झोडपल्यासारखे दिसते, ते 'फुकिनागाशी'. एका तबकात अनेक झाडांचे वन उभारले, तर ते 'योसे-उए'.

कुंडी

कुंडी ही चित्राच्या चौकटीसारखी असते : नजर तिच्यावर थांबू नये, झाडाकडे जावी. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश व खोली बुंध्याच्या जाडीइतकी असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. केंगायला मात्र तोल सांभाळण्यासाठी उंच कुंडी लागते. पाइन, ज्युनिपर यांसारख्या सूचिपर्णी झाडांना झिलईविरहित, मातकट तपकिरी कुंडी शोभते. फुलाफळांच्या झाडांना झिलईची रंगीत कुंडी चालते. सरळ, भारदस्त खोडाला कोनदार आणि नाजूक, वळणदार खोडाला लंबगोल कुंडी निवडतात. जपानमधील आइची प्रांतातील तोकोनामे हे गाव या कुंड्यांसाठी प्रसिद्ध आहे.

कुंडी कितीही सुंदर असली, तरी तिच्या तळाला पाणी निथळण्यासाठी मोठी छिद्रे हवीतच. त्यांवर जाळी बसवतात आणि झाड हलू नये म्हणून मुळे तारेने कुंडीला बांधतात.

आपल्याकडील जोपासना

पाइनच्या बहुतेक जातींना थंडीतील विश्रांती लागते. महाराष्ट्राच्या सपाट प्रदेशात ती मिळत नाही. आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर, चिंच, डाळिंब, बोगनवेल ही झाडे घ्यावीत. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते व मुळे कुजवते. म्हणून विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण वापरावे. वडपिंपळाची कुंडी पावसाळ्याच्या सुरुवातीस बदलावी. कोवळ्या झाडाची एक-दोन वर्षांनी, जुन्या झाडाची तीन ते पाच वर्षांनी. वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी.

सर्वांत अवघड काम पाणी घालण्याचे. ते शिकायला तीन वर्षे लागतात, असे जपानी माळी म्हणतात. ठरलेल्या वेळी नव्हे, तर मातीचा वरचा थर सुकू लागला की पाणी द्यावे. उन्हाळ्यात ही वेळ दिवसातून दोनदाही येते.

मांडणी

बोन्साय हे उघड्यावर, उन्हावाऱ्यात वाढणारे झाड आहे. घरात ते मांडायचे ते थोड्या दिवसांपुरतेच. जपानी घरातील 'तोकोनोमा' या कोनाड्यात तीन गोष्टी ठेवतात : चौरंगावर झाड, मागे टांगलेले चित्र किंवा सुलेखन, आणि बाजूस एखादे लहानसे गवत वा रानफूल. तिन्हींतून मिळून एकच ऋतू सुचवायचा असतो. झाड नजरेच्या पातळीवर असावे आणि आजूबाजूस भरपूर मोकळी जागा असावी. तोक्योतील उएनो येथे १९३४ पासून भरणारे 'कोकुफु' प्रदर्शन या कलेतील अत्यंत मानाचे समजले जाते.

पिढ्यांचे झाड

१९२३ च्या महाभूकंपानंतर तोक्योतील काही बोन्साय माळी ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये तेथे बोन्सायचे गाव वसले. घरे पडली तरी झाडे जगवायची होती.

याहून मोठी कथा एका पांढऱ्या पाइनची आहे. १६२५ पासून जोपासलेले हे झाड हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबॉम्ब पडला. यामाकींचे घर स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर होते. बागेच्या भिंतीआड झाड वाचले. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला तिच्या द्विशताब्दीनिमित्त ५३ बोन्साय भेट दिले. मासारु यामाकी यांनी त्यांत हे झाड दिले. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्याच देशाला. वॉशिंग्टनमधील संग्रहालयाला ही हकिकत कळली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहण्यास आले तेव्हा. असे झाड एका माणसाच्या आयुष्यात पुरे होत नाही. आपल्या आधी कोणीतरी पाणी घातले आणि आपल्यानंतरही कोणी घालणार आहे, या विश्वासावरच ते उभे राहते.

झाड आणि माणूस

आता प्रारंभीच्या आरोपाकडे वळू. बांगलादेशातील अर्थतज्ज्ञ आणि २००६ च्या नोबेल शांतता पारितोषिकाचे मानकरी मुहम्मद युनूस यांनी गरीब माणसाला बोन्सायची उपमा दिली आहे. त्यांचे म्हणणे असे, की बियात खोट नसते. समाजाने वाढायला पुरेशी माती दिलेली नसते. ही उपमा यथार्थ आहे. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून जुन्या भिंतींच्या फटीत उगवलेले पिंपळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेथे ते वर्षानुवर्षे वीतभर राहतात. परंतु त्याच जातीच्या वृक्षाखाली सिद्धार्थ गौतमाला संबोधी प्राप्त झाली.

बोन्साय करणारा माळी झाडाला लहान ठेवतो, पण रोज त्याची चौकशी करतो. माणसाला लहान ठेवणाऱ्या व्यवस्थेने तेवढेही केले नाही. दोहोंतील हा भेद लक्षात ठेवून ही कला अवश्य शिकावी. कुंडी झाडासाठी असावी. मुलांसाठी मात्र मोकळी जमीनच हवी. वसतिगृहासह चालणारी शाळा ही अशीच जमीन असते, असे आम्ही मानतो.