बोटीवर जाताय? आधी झोपेचं गणित शिका

अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला देशभरातून लोक आमच्या शिरपूर जैनला येतात. गावापासून समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही इथला इलेक्ट्रिकलचा मुलगा ईटीओ कोर्स करून क्रूझवर जाऊ शकतो. पगार सगळेच विचारतात, तिथे राहायचं कसं हे कुणी विचारत नाही. म्हणून चार गोष्टी.

१) झोप : बोटीवर रविवार नसतो. ‘मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६’ हा करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हवी. १० तासांचे फार तर दोन तुकडे, त्यातला एक सलग ६ तासांचा. वेळ मिळाला की आधी झोप, मग गप्पा. आणि न मिळालेली विश्रांती ‘मिळाली’ म्हणून सही करू नका. थकलेल्या हाताने चुकीचा ब्रेकर पडला, तर तीच सही आपल्या अंगावर येते.

२) केबिन : सुरुवातीला बहुधा दोघांत एक, बिनखिडकीची. रूममेटची ड्यूटी वेगळी, म्हणून दिवा आणि मोबाईल जपून. होस्टेलची सवय इथे कामी येते!

३) ड्रिल : प्रवासी बोटीवर आगीचा आणि बोट सोडण्याचा सराव दर आठवड्याला होतो. सात छोटे, एक लांब भोंगा ऐकला की नेमलेली जागा गाठायची. कंटाळा करायचा नाही.

४) घर : ‘रोज फोन करीन’ असं आईला सांगून जाऊ नका. वार ठरवा. एक दिवस फोन चुकला, तर इकडे घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.