हाऊ ते दगडच शे!

आमच्या खान्देशात पोवळं माहीत नाही असं घर विरळाच. अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरातली मंगळवारची गर्दी पाहा. कुंडलीत मंगळ निघाला की पुढचा मुक्काम जळगावचा सराफ बाजार, आणि मग बोटात तांबड्या खड्याची अंगठी. त्यामुळे मालवणला समुद्रात 'कोरल' दाखवतात म्हटल्यावर आमच्यातला जो तो पाण्यात तांबडं काहीतरी शोधायला उतरतो. सराफाकडचं पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातल्या एका निराळ्याच जातीचं असतं. मालवणच्या उथळ पाण्यातलं प्रवाळ तपकिरी, मातकट, कधी हिरवट, आणि पहिल्या नजरेला चक्क दगड वाटावं असं असतं. आमची माणसं ते ओळखत नाहीत, म्हणून त्यावर बिनधास्त उभी राहतात.

माझा मेहुणा असाच उभा राहिला. तापीकाठच्या गावातला, विहिरीत सूर मारत वाढलेला गडी. जळगाव-धुळ्याहून आम्ही तीन-चार कुटुंबं रात्रभराचा प्रवास करून मालवणला गेलो होतो आणि होडीतल्या सगळ्यांत उत्तम पोहणारा तोच होता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ स्नॉर्कल लावून उतरलो. एक लाट नळीवरून गेली, तोंडात खारं पाणी आलं, आणि हा दचकला. विहिरीत दम लागला की कपारीत पाय रोवायचा, नदीत दगडावर उभं राहायचं, हीच त्याची लहानपणापासूनची सवय. पाय आपोआप खाली गेला आणि एका गोलसर ढेपेवर टेकला. होडीवरचा पोरगा ओरडला, "साहेब, पाय वर घेवा! ता जिता आसा!" मेहुण्याने नळी तोंडातून काढली आणि तितक्याच ठसक्यात उत्तर दिलं, "हाऊ ते दगडच शे!"

मी मास्क लावून खाली पाहिलं. तपकिरी पृष्ठभागावर त्याच्या पायातल्या फिनची कड घासली होती तिथे बोटभर पांढरा ओरखडा उमटला होता. प्रवाळाचा जिवंत भाग म्हणजे वरचा जेमतेम काही मिलिमीटरचा थर. त्याखाली सगळा चुनखडीचा सांगाडा. तपकिरी रंगसुद्धा त्याच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. हे शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. तो थर खरवडला की सांगाडा उघडा पडतो आणि त्या जागी दुसरं शेवाळ किंवा रोग शिरायला वाट मिळते. ढेपेसारखी वाढणारी प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे गुडघ्याएवढी उंच ढेप वयाने आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा थोरली असते.

मेहुण्याची नडगीही सोलवटली होती. होडीत कुणीतरी त्यावर हळद लावायला सांगितलं, मेहुण्याने नुसता रुमाल बांधला आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. धुळ्याला परतेपर्यंत जखम चिघळली आणि पुढे बरेच दिवस तिने त्याला छळलं. प्रवाळाने कापलं की चुनखडीचे बारीक कण आणि जिवंत ऊतींचे तुकडे जखमेत अडकतात, म्हणून ती लवकर भरत नाही. तेव्हा तिथल्या तिथे गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवा, कण काढा, जंतुनाशक लावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. परत येऊन दाखवू म्हणत टाळू नका.

आता ओळखायचं कसं? हात न लावता, डोळ्यांनीच. दगडाचा पृष्ठभाग कसाही असतो : शेवाळ, कालवं, मध्येच भेग. प्रवाळावर एकच नक्षी सगळीकडे सारखी फिरलेली दिसते. मालवणला एक प्रकार असा की त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, भिंतीला भिंत लागून खळगी असतात. प्रत्येक खळगं म्हणजे एक स्वतंत्र जीव. दुसरा गुळगुळीत वाटणारा, पण जवळून बघितलं तर अंगभर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. तिसरा पसरट, कडा वर वळलेला, अंगावर छोट्या नळ्यांची तोंडं. खडकावर मऊ बटणांचा गालिचा पसरलेला दिसला तर तो प्रवाळाचा चुलतभाऊ. त्याच्या काही जातींत जबर विष असतं, तेव्हा तोही लांबूनच बघा. आणि ढेप पांढरीशुभ्र दिसली तर ती सुंदर म्हणून फोटो काढू नका. पाणी फार तापलं की आतलं शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. ते लगेच मरत नाही, पण उपाशी असतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर चौथ्यांदा असं विरंजन सुरू असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी एका पायाचा धक्काही जास्त लागतो. एवढं करूनही शंका राहिली तर ते जिवंत आहे असंच धरून चाला.

अंदमानच्या रील बघून मालवणला जाणाऱ्यांची निराशा होते, हे मान्य. आपल्या किनाऱ्याचं पाणी गाळाचं, नद्यांचं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथलं प्रवाळ फार देखणं आहे, पण ते सहलीचं ठिकाण नव्हे. मला स्वतःला मात्र मालवणच्या ओबडधोबड ढेपांचंच जास्त कौतुक वाटतं. गढूळ पाण्यात अंगावर बसलेला गाळ चिकट स्रावाने झटकत त्या तग धरून आहेत. आपण हात लावतो तेव्हा नेमका तोच स्राव पुसला जातो, आणि फिन आपटून वाळू उडवतो तेव्हा त्यांच्या अंगावर आणखी गाळ टाकतो.

प्रवाळ मोडायचं असं ठरवून कुणी जात नाही. मोडतो तो घाबरलेला पाय. त्यामुळे खरी तयारी जळगावात किंवा धुळ्यातच करायला हवी, तीही तरण तलावात, जीवरक्षक समोर असताना. शेततळ्यात अजिबात नको. प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. भरघोस मिशी असेल तर पाणी झिरपणार, हे आधीच धरून चाला. नळीत पाणी शिरलं की जोरात फुंकर मारून बाहेर काढायची, हे इतक्या वेळा करा की दचकणं उरणार नाही. पाय गुडघ्यातून सायकलसारखे मारू नका, कमरेतून संथ हलवा. समुद्राचं पाणी विहिरीपेक्षा जड असतं, माणूस त्यात सहज तरंगतो. दम लागला तर उभं न राहता पाठीवर वळायचं, लाइफ जॅकेटवर भरवसा ठेवायचा आणि होडीचा दोर धरायचा. पोटाखाली हातभरच पाणी उरलं असेल तर त्या खडकावरून जाऊच नका, वळसा घाला.

उन्हाचं आपल्याला कुणी शिकवायला नको. मे महिन्यात 45 अंशांत डोक्याला रुमाल गुंडाळून फिरणारी आपण माणसं. तेच तिथेही करा : पूर्ण बाह्यांचा, अंगासरसा पोहण्याचा शर्ट घाला. सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं प्रवाळाला बाधतात या कारणाने हवाईने 2021 पासून अशा क्रीमच्या विक्रीवर बंदी घातली. शर्ट असला की क्रीम चेहऱ्यापुरतंच लागतं.

स्कूबाचं आणखी एक दुखणं आहे. पहिल्यांदाच उतरणाऱ्याला प्रशिक्षक धरून खाली नेतो, तळाशी गुडघ्यावर बसवतो, हातात पाव देतो, पट्टेरी मासे झुंबड करतात आणि व्हिडिओ झकास येतो. तो गुडघा कशावर टेकला, हे व्हिडिओत दिसत नाही. पावाने माशांच्या सवयी बिघडतात आणि रोज त्याच जागेवर माणसं बसवली जातात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे मालवणच्या प्रवाळाला होणाऱ्या इजेवर 2020 मध्ये शोधनिबंधच लिहिला. सगळा दोष होडीवाल्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. पाव आपणच मागतो, "फोटो नीट यायला पाहिजे" असं आपणच बजावतो. गिऱ्हाइकाने मागणं सोडलं की देणाराही सोडेल.

तळाशी पडलेला मेलेला तुकडासुद्धा शोकेससाठी उचलू नका. मालवणचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि 2001 पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत. मेलेल्या तुकड्यालाही हाच कायदा लागतो, आणि त्यात किमान तीन वर्षं कैद आहे.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. थंडीत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ मिळतं. तुमचा ग्रुप निघत असेल तर बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या : एका प्रशिक्षकामागे किती माणसं उतरवता, नांगर खडकावर टाकता की बांधलेल्या बोयाला होडी लावता, आणि पाव देता का? शेवटच्या प्रश्नाला "हो, फुकट देतो" असं उत्तर आलं, तर दुसरी होडी बघा.