वैऱ्याचे गाढव

निर्गम २३:४-५ काढून वाचावे. वैऱ्याचा बैल चुकलेला दिसल्यास तो त्याजकडे पोहोंचता करावा, आणि द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसल्यास त्याच्याबरोबर हात लावून सोडवावे, अशी तेथे आज्ञा आहे. आधी मनात प्रीति उत्पन्न होऊ द्या, असे मोशे म्हणत नाही. तोपर्यंत गाढव ओझ्याखालीच मरावयाचे! बांध कोरणारा शेजारी आवडत नाही, मग त्याजवर प्रीति कशी करावी, असे पुष्कळजण उपदेशकांस विचारितात. आवडण्याचा प्रश्न येथे नाहीच. ओझ्याच्या एका बाजूस तो, दुसऱ्या बाजूस तुम्ही. अबोला असला तरी “उचला” एवढे तरी बोलावेच लागते. पुढे प्रभूने, मत्तय ५:४४ यात, अशांसाठी प्रार्थनाहि करावयास सांगितले. ती त्याचे नाव घेऊन, त्याच्या मुलाबाळांसाठी व गुराढोरांसाठी करावी. केवळ “त्यास सुबुद्धि दे” एवढीच नव्हे.